कैद्याच्या हाती खुरपे

आज 18 जुलै, नेल्सन मंडेला यांचा जन्मदिन. राधानगरी-गगनबावड्याकडे भाताच्या रोपलावणीची घाई, शहरात पंचगंगेच्या पातळीची चर्चा. अशा दिवसांत कोल्हापूरकरांना त्यांची आठवण कशाला, असे कोणी विचारील. पण हा माणूस तुरुंगात भाजी पिकवत होता. रॉबेन बेटावरच्या अंगणातली खडकाळ माती उकरून त्यांनी टोमॅटो, मिरच्या, कांदे लावले. 1982 साली पोल्समूरच्या तुरुंगात हलवल्यावर गच्चीवर तेलाची पिंपे अर्धी कापून घेतली आणि त्या 32 अर्धुकांत मळा फुलवला. भाजी कैद्यांच्या भटारखान्यात जाई, पहारेकऱ्यांच्या घरीही जाई. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये कैद्यांना वागवण्याचे किमान नियम सुधारले, त्यांना मंडेलांचेच नाव मिळाले.

अमेरिकेत सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात 2002 साली कैद्यांना बागकाम शिकवणारा ‘इनसाइट गार्डन प्रोग्राम’ सुरू झाला आणि कॅलिफोर्नियातल्या इतर तुरुंगांत पसरला. त्याचे कौतुक जरूर व्हावे, मात्र आपल्या शेजारच्या आटपाडीने हे काम 1939 मध्येच हाती घेतले होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या संस्थानात मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश अभियंत्याने माणदेशच्या उजाड माळावर कैद्यांची वसाहत वसवली. भिंत नाही, बेड्या नाहीत. नाव ठेवले स्वतंत्रपूर. जन्मठेपेचा कैदी तिथे बायकापोरांसह राहू लागला, शेत कसू लागला. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, तरी वसाहत राहिली.

याच वसाहतीवरून माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सहा खुनी, एक जेलर, एक माळरान. बर्लिनला त्याचा गौरव झाला. त्या चित्रपटातला सर्वांत खरा भाग बाजाराचा आहे. माळ फुलतो, भाजी पिकते, कैदी ती घेऊन बाजारात जातात आणि व्यापाऱ्यांचा मार खातात. पीक काढणे जमले, पण ते विकणारा हात बाजाराला खपला नाही. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला काम देताना आपणही आजवर असेच वागत आलो आहोत.

विश्वास टाकायला धाडस लागते, आणि या मातीत ते दाखवले गेले आहे. महार, मांग, रामोशी, बेरड यांना चोर समजून रोज घ्यायची हजेरी शाहू महाराजांनी 1918 मध्ये बंद केली. ज्यांच्यावर जन्मतः संशय, त्यांना राज्याने माणूस म्हणून वागवले. तुरुंगाच्या कारभारात मात्र जातीची खूण फार काळ टिकली. झाडू कोणाच्या हाती आणि स्वयंपाक कोणाकडे, हे जात पाहून ठरवण्याची जुन्या नियमावलीतली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती थेट ऑक्टोबर 2024 मध्ये.

आता कोल्हापूरच्या कळंबा कारागृहाकडे वळू. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू काही काळ इथल्याच कैद्यांनी वळले, आणि भाविकांनी ते भक्तिभावाने घेतले. म्हणजे कोल्हापूरकरांच्या मनाचा प्रश्न नाही. अडचण व्यवस्थेची आहे. आपल्याकडे खुल्या कारागृहाची दारे प्रामुख्याने चांगल्या वर्तणुकीच्या पक्क्या कैद्यांना उघडतात. तिथे शेती असते, शिक्षेत जादा सूट मिळते. देशातले दर चार कैद्यांपैकी तिघे मात्र कच्चे आहेत, असे 2022 ची राष्ट्रीय आकडेवारी सांगते. त्यांच्यावर सक्तीची मजुरी लादता येत नाही, हे योग्यच. पण त्यामुळे वर्षानुवर्षे बराकीत नुसते बसून राहणे हीच बहुतेकांची दिनचर्या होते. न सिद्ध झालेल्या गुन्ह्यासाठी बसलेल्या माणसाला स्वेच्छेने एक वाफा मागता यावा, एवढी सोय करायला कुठला मोठा कायदा आडवा येतो?

तुरुंगात बाग म्हणजे फाटकापाशी कुंड्यांची रांग आणि पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण, अशी एक समजूत आहे. त्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. पेरायचे काय, भांगलण कधी करायची, हे ज्याने स्वतः ठरवले, त्याचाच जीव त्या पिकात गुंततो. मंडेलांनी नेमके हेच लिहून ठेवले आहे. तुरुंगात स्वतःच्या हाती असलेल्या मोजक्या गोष्टींत बाग ही एक होती.

हे काम वाढवायचे तर मोठ्या निधीची वाट पाहायला नको. शहरात कृषी महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी कळंब्यात रोपवाटिका, कलमे, सेंद्रिय खत यांचा छोटा अभ्यासक्रम चालवावा. त्याच्या प्रमाणपत्रावर तुरुंगाचा शिक्का नसावा, महाविद्यालयाचा असावा. कारागृह विभागाने कच्च्या कैद्यांना त्यात बसण्याची मुभा द्यावी आणि मजुरीचे दर वेळच्या वेळी वाढवावेत. राहिला बाजार. लक्ष्मीपुरीच्या आणि कपिलतीर्थाच्या मंडईत कळंब्याच्या भाजीला एक गाळा मिळवून देणे महापालिकेच्या हातात आहे. तो तिने द्यावा, आणि वाचकांनी तिथून भाजी घ्यावी.