छोटी डिस्क फेकू नका

आमच्या घरी एकाच संध्याकाळच्या दोन डिस्क आहेत. २००५ साली लोदला, भाचीच्या लग्नाआधी घरात मलिदा झाला, त्याचे ते चित्रण. एक डिस्क मोठी, चकचकीत डबीतली, वर वधूवरांचा फोटो. दुसरी तळहातात मावेल एवढी, आठ सेंटिमीटरची, कॅमेऱ्यातून काढलेली. ती बरीच वर्षे बिनडबीची एका खणात पडून होती, किल्ल्या आणि बटणांबरोबर.

मोठी डिस्क आजही न अडखळता चालते. पण तिच्यात एकही माणूस बोलत नाही. चित्रण जोडून देणाऱ्या दुकानदाराने मूळ आवाज काढून टाकला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिंदी सिनेमाची गाणी घातली. तेव्हा आम्हांलाही ते फार छान वाटले होते, खोटे कशाला बोला! मोठी मावशी ताटापुढे बसून पोहे कालवते आहे, तोंड हलते आहे, कोणाला तरी दटावते आहे, आणि वर गाणे वाजते आहे. मावशी २०११ साली गेली. तिचा आवाज उरला असला तर त्या खणातल्या ओरखडलेल्या डिस्कवर.

एका दुकानात नेली. तिथल्या मुलाने संगणकात घालून पाहिली आणि म्हणाला, डिस्क रिकामी आहे, टाकून द्या. आमचे म्हणणे असे, की हे वाक्य ऐकून आपल्यापैकी अनेकांनी आपली माणसे कचऱ्यात टाकली आहेत. डिस्क रिकामी नव्हती. घरगुती कॅमेऱ्यात चित्रण संपल्यावर डिस्क ‘फायनलाइज’ करावी लागते. ते न केल्यास ती त्या कॅमेऱ्यात दिसते, पण दुसऱ्या यंत्राला बहुधा कोरी वाटते. आणि ते बटण आपल्यापैकी कितीजणांनी दाबले? लग्नघरात कोणाला सवड होती?

तुमच्याकडे तो जुना कॅमेरा चालू असेल तर नशीबवान आहात. आधी कॅमेऱ्यातच डिस्क लावून केबलने चित्रण संगणकावर उतरवून घ्या, फायनलाइजचे मग पाहा. आमचा कॅमेरा केव्हाच भंगारात गेला होता. शेवटी बीरशेव्याच्या भाच्याने ते काम अंगावर घेतले. त्याच्याकडून जे शिकलो ते सांगतो.

डिस्क पुसायची ती मऊ कापडाने, मधल्या भोकाकडून सरळ कडेकडे. गोल गोल पुसू नये. माहिती गोल फिरत जाणाऱ्या रेषेवर असते. आडवा ओरखडा त्या रेषेचा जरासा तुकडा तोडतो आणि तेवढे यंत्र भरून काढते, पण रेषेबरोबर गोल गेलेला ओरखडा सलग मोठा भाग खातो. टूथपेस्ट तर मुळीच लावू नका. पॉलिश करणारी यंत्रे असतात आणि कधी गुणही येतो, पण एकदा घासलेले परत येत नाही. म्हणून आधी आहे तशी वाचून घ्यायची, पॉलिश अगदी शेवटी. मुंबईहून आलेल्या लग्नाच्या जुन्या व्हीसीडी असतील तर वरची, नाव लिहिलेली बाजू जपा. त्यांत माहिती वरच्या पातळ थराखालीच असते. तिथे ओरखडा पडला तर पॉलिशचा उपयोग नाही.

एका ड्राइव्हने वाचली नाही म्हणून हात टेकू नयेत. भाच्याने तीन ड्राइव्ह पालटले. तिसऱ्याला डिस्क दिसली. (छोटी डिस्क नुसत्या फटीच्या ड्राइव्हमध्ये सरकवू नका, अडकून बसते; तबकडी बाहेर येणारा ड्राइव्ह हवा.) मग त्याने आयसोबस्टर नावाच्या प्रोग्रॅमने आत काय आहे ते शोधले आणि जेवढे वाचता आले तेवढे सगळे आधी संगणकावर उतरवले. चित्र बघणे, कापणे, सजवणे नंतर. मोडकी डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघत बसलो तर तिचे उरलेले आयुष्यही आपणच संपवतो.

तीस मिनिटांपैकी बावीस मिनिटे मिळाली. चित्र मध्येच चौकटी चौकटी होऊन गोठते, पण आवाज पुष्कळदा पुढे चालू राहतो. मावशी सुनेला सांगते आहे, “अगं, पोहे एवढे भिजवू नको, गोळा होईल. साखर मागनं घाल.” मग रेवदंड्याच्या घरी नारळ कोण खवायचे त्यावरून दोघी बहिणींचा वाद. पुरुषमंडळी एलियाहू हन्नाबीचे गाणे तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणत आहेत. कोणी तरी विचारते आहे, “सब्जा आणला का?” हिब्रूत एक शब्द नाही. त्याच भाचीची मुले आता सैन्यात जायच्या वयाची आहेत. त्यांना मराठी कळते तेवढी कळते, बोलता येत नाही.

काहीजण म्हणतात, मलिदा सगळ्यांच्या घरी सारखाच, एवढा आटापिटा कशाला? प्रार्थना सारखी असते, कबूल. ती सिद्दूरमध्ये छापलेली आहे. यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात अनेक समाजांची गाणीही जपून ठेवलेली आहेत. पण दोन बहिणींचा नारळावरून झालेला वाद कुठे छापलेला नाही. जीर्ण सिद्दूरसुद्धा आपण कचऱ्यात टाकत नाही, गेनिझात ठेवतो. आणि आईचा आवाज असलेली डिस्क मात्र बाल्कनीत ऊन खात पडते! घरी लिहिलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. आपल्याकडचा ऑगस्ट कसा असतो ते सांगायला नको.

आमची दुसरी तक्रार डिस्क कुलपात ठेवणाऱ्या घरांबद्दल आहे. “आमच्या घरचे आहे, लोकांना कशाला?” असे म्हणतात. देऊ नका हवे तर सगळ्यांना, पण भावंडांना एकेक प्रत द्या, आणि चित्रणात कोण कोण आहे ते लिहून ठेवा. आमच्या बावीस मिनिटांत दाराजवळ हिरव्या लुगड्यात एक म्हातारी बसली आहे. ती कोणाची कोण, ते सांगणारे आमच्या घरात आता कोणी नाही.

त्या संध्याकाळी कॅमेऱ्यात दोन छोट्या डिस्क भरल्या होत्या, हे आम्हांला आता आठवले. दुसरी दिमोनाच्या मामेबहिणीकडे गेली असावी. फोन केला. ती म्हणाली, “बिस्किटाच्या डब्यात काही तरी गोल आहे खरे, मी त्यावर कप ठेवते.” येत्या रविवारी तिच्याकडे जाणार आहोत. तोवर कप दुसरीकडे ठेवायला सांगितले आहे.