कुरणात माजलेली विलायती तुळस

धार-देवासकडे बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात विलायती तुळस माजते. तिला हात लावायला लोक कचरतात. कूळ तुळशी-पुदिन्याचे, वासही थोडा त्याच वळणाचा; मग उपटायची कशी? पण हे झाड अमेरिका खंडातल्या उष्ण भागातून आलेले आहे, देवघराशी त्याचे काही नाते नाही. आणि कुरणाला ते विषच आहे.

गुरे दगावतात असा हा प्रकार नव्हे. मेक्सिकोत तर याचे बी सब्जासारखे भिजवून सरबतात घालतात. फटका बसतो तो गवताला. पानांतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून मातीत उतरणारी द्रव्ये शेजारच्या बियांची उगवण दाबून टाकतात. उग्र वासामुळे गुरे त्याला तोंड लावत नाहीत, आजूबाजूचे गवत तेवढे ओरबाडतात. मोकळी झालेली जागा पुन्हा यालाच मिळते.

भाद्रपदात एक फांदी जवळून पाहावी. देठ चौकोनी आणि लवदार, पानांच्या बगलेत फिकट जांभळी, इवलीशी फुले. फूल गळले की मागे पाच अणकुचीदार दातांचे बोंड राहते, आत बहुधा दोन बिया. गुरांच्या केसांत आणि माणसांच्या कपड्यांत अडकून ते पुढच्या शिवारात पोचते.

धार जिल्ह्याने तर याकडे डोळेझाक करताच कामा नये. सरदारपूरचे अभयारण्य १९८३ साली झाले ते तणमोरासाठी. मालव्यात त्याला खरमोर म्हणतात. हा पक्षी पावसाळ्यात विणीला येतो. नर गवताच्या वर उंच उड्या मारून मादीचे लक्ष वेधतो. त्याला मोकळे माळ लागतात. छातीएवढ्या झुडपांच्या दाटीत त्याची उडी दिसणार कुणाला?

साफसफाईची आठवण बहुतेक ठिकाणी दिवाळीनंतर होते. तोवर झाड वाळलेले असते, बी सांडून गेलेले असते. तेव्हा कोयता चालवणे म्हणजे मजुरी वाया घालवणे. हे झाड एकाच हंगामाचे. घाणेरीसारखी त्याची चिवट खोडे वर्षानुवर्षे टिकत नाहीत. फुलोऱ्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटले की त्या वर्षीचे बी टळते. आधीचे बी मातीत असतेच, म्हणून पुढचे काही पावसाळे तेच काम नेटाने करावे लागेल. पंचायतींनी ते श्रावणातच रोजंदारीवर काढावे आणि सुरुवात गावाच्या चराऊ बीडापासून करावी.