खाण्याची जागा, शिकण्याची जागा

विद्यापीठाचं जुनं कॅन्टीन बंद पडलं, तर त्या इमारतीचं काय करायचं? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. आधी ती धोकादायक म्हणून जाहीर करायची, मग पाडायची आणि तिथे सात मजली ‘कॉम्प्लेक्स’ उभं करायचं. त्या जुन्या हॉलमध्ये आर्किटेक्चरचं कॉलेज भरवा, असं कुणी सुचवलं तर लोक हसतील. मला मात्र ही कल्पना अगदी व्यवहारी वाटते. मुंबईत ती कुठे राबवायची असं विचाराल, तर माझं उत्तर आहे, रे रोड.

आधी कॅन्टीनच्या इमारतीत काय असतं ते पाहू. दोन-तीनशे माणसं एकावेळी बसतील असा सलग हॉल, मध्ये कमीत कमी खांब, उंच छत, मोठ्या खिडक्या. धूर आणि वाफ बाहेर जावी म्हणून हवेची सोय आधीच केलेली. भरपूर पाणी, सांडपाण्याचा उतार, धुता येणारी फरशी, धान्याची गाडी लागेल असा मागचा दरवाजा. आता आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला काय लागतं ते बघा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याचा बराच वेळ बाकावर नाही, स्टुडिओत जातो. त्याला मोठी टेबलं हवीत, उजेड हवा आणि नकाशे टांगून सर्वांसमोर वाद घालायला मोकळी जागा हवी. जेवणाच्या हॉलचा स्टुडिओ होतो. भटारखान्यात पाणी आणि मोरी असल्यामुळे प्लास्टर, माती, काँक्रीटचं काम तिथे करता येतं. कोठीघरात विटा, लाकूड, दगड, कौलं यांचे नमुने ठेवता येतात. शिवाय त्या इमारतीतल्या विटा भाजायला, सिमेंट आणि लोखंड बनवायला जी ऊर्जा खर्च झाली, ती पुन्हा खर्च करावी लागत नाही. पाडकामाच्या राबिटाचे शेकडो ट्रक खाडीकडे जात नाहीत.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. इस्तंबूलचं सुलेमानिया संकुल सुलतान सुलेमानच्या काळात, १५५० ते १५५७ दरम्यान उभं राहिलं. त्यात नुसती मशीद नव्हती. मदरसे होते, दवाखाना होता आणि ‘इमारेत’ नावाचा सार्वजनिक भटारखाना होता. मदरशाचे विद्यार्थी, संकुलातले नोकर, मुसाफिर आणि गोरगरीब तिथे जेवत. आजच्या भाषेत तेच त्या विद्यापीठाचं कॅन्टीन. साम्राज्य खिळखिळं झालं तेव्हा, १९१४ साली, याच इमारेतमध्ये वक्फच्या मालकीच्या कलावस्तूंचं संग्रहालय उघडण्यात आलं. जुने गालिचे, हस्तलिखितं, लाकडी कोरीवकाम तिथे जमा झालं. जेवणाची जागा शिकण्याची जागा झाली. १९८३ मध्ये संग्रहालय दुसऱ्या वास्तूत हलवलं गेलं आणि पुढे त्या इमारेतमध्ये पुन्हा उपाहारगृह चाललं. चार शतकांहून जुनी इमारत तीन वेळा कामाला आली, कारण ती कुणी पाडली नाही.

या संकुलाचा वास्तुकार सिनान कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. तो फौजेत सुतार होता. पूल, गाडे, तराफे बांधता बांधता तो शिकला आणि पन्नाशीच्या आसपास राजवास्तुकार झाला. रे रोडचा विचार करताना मला सिनान आठवतो तो यासाठीच.

रे रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडा. तिथे दारूखाना आहे. नावातली दारू बंदुकीची. एकेकाळी इथे दारूगोळ्याची साठवण होती. आजूबाजूच्या बंदरांची नावं वाचत चला. लकडी बंदर, कौला बंदर, कोळसा बंदर. लाकूड, कौल आणि विटा भाजायला लागणारा कोळसा. बांधकामाच्या पुस्तकातली प्रकरणं इथे रस्त्यांची नावं झाली आहेत. जहाजं फोडून निघालेलं लोखंड इथल्या गल्ल्यांत वर्षानुवर्षं विकलं जातं. पत्रे, साखळदंड, जुने दरवाजे, बोटीतली सागवानी फळी, सगळं. स्टेशनही साधं नाही. १२ डिसेंबर १९१० ला कुर्ला ते रे रोड हा हार्बर मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. स्टेशनची इमारत आज वारसा यादीत आहे. पण तिच्या पलीकडची गोदामं, कारखान्यांच्या शेड, कामगारांची उपाहारगृहं यांच्याकडे वारसा म्हणून कुणी बघत नाही.

रे रोडला विद्यापीठाचं कॅन्टीन नाही, हे मला माहीत आहे. पण त्याचे सख्खे भाऊ आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या ४६ व्या कलमानुसार अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सरकार उपाहारगृह बंधनकारक करू शकत असे. गिरण्या, गोदी, कारखाने यांचा हा पट्टा, त्यामुळे मोठे जेवणाचे हॉल ही इथली ओळखीची इमारत. त्याला लागून गोदामं. १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले आणि या किनाऱ्यावरचं काम आटत गेलं. जमीन बहुतांशी बंदर प्राधिकरणाची, म्हणजे सार्वजनिक. तिचं काय करायचं यावर राणी जाधव समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर आराखडे आले. मरीना, बागा, क्रूझ टर्मिनल, व्यापारी मनोरे. या चित्रांत कौला बंदरच्या वस्तीतला माणूस मला कुठे दिसला नाही.

मी या गल्ल्यांत अनेकदा फिरलो आहे. एकदा एक वेल्डर जमिनीवर खडूने जिन्याची आकृती काढत होता. पायरीची उंची, पाऊल ठेवायची रुंदी, वळणावरचा कोन. हातात कागद नव्हता, कॅल्क्युलेटर नव्हता. मी विचारलं, “चाचा, हे हिशेब कुठं शिकलात?” तो म्हणाला, “उस्तादच्या हाताखाली. चूक झाली की लोखंड वाया जायचं आणि पगार कापला जायचा.” त्याचा मुलगा बारावीला होता. त्याने आर्किटेक्चरला जावं असं कधी वाटलं का, असं विचारल्यावर त्याने मलाच विचारलं, “ते काय असतं?”

माझ्या मते खरा प्रश्न या उत्तरात आहे. मुसलमानांचं प्रमाण कारागिरीत आणि छोट्या स्वयंरोजगारात मोठं आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्ये आकडेवारीसह मांडलं. सुतार, गवंडी, वेल्डर, फरशी बसवणारे, पीओपीवाले आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात. शहर बांधणारे हात आपले, पण शहराचा नकाशा काढणारे हात आपले नाहीत. १९७२ च्या कायद्यानंतर नोंदणीशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. नोंदणीसाठी पदवी. पदवीच्या आधी गणिताची अट, नाटा नावाची प्रवेश परीक्षा, पाच वर्षांची फी आणि वर लॅपटॉप, कागद, मॉडेलचं सामान. आपल्या घरांत मुलाला ‘डॉक्टर किंवा इंजिनिअर’ करायचं स्वप्न असतं. ज्या विद्येचा निम्मा अर्धा भाग घरातच आहे, तिचं नाव त्या यादीत नसतं.

या शहरात विद्यार्थी आणि कारागीर एकेकाळी जवळ होते. व्हीटी स्टेशनवरची पानं-फुलं, पशुपक्षी जेजे कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवले. ती माणसं छिन्नी हातात धरत होती. आज आर्किटेक्चरचा विद्यार्थी सॉफ्टवेअरमध्ये जिना काढतो आणि तो वेल्डर प्रत्यक्षात बांधतो, पण दोघांची भेट होत नाही. दारूखान्यातल्या गोदामात कॉलेज भरलं, तर ती भेट रोज होईल. तो वेल्डर मानधन घेऊन शिकवायला येईल आणि त्याच्या मुलाला ‘ते काय असतं’ हे विचारावं लागणार नाही.

जगात असे प्रयोग झाले आहेत. लॉस एंजेलिसमधलं सायआर्क हे नावाजलेलं आर्किटेक्चर विद्यालय १९०७ सालच्या रेल्वेच्या मालगोदामात भरतं. ती इमारत जवळपास पाव मैल लांब आहे. पण त्या परिसरातून धडाही घ्यायला हवा. कलावंत आले, विद्यार्थी आले, मग कॅफे आले आणि भाडी चढली. ब्राझीलमध्ये साओ पावलोला लीना बो बार्दी या वास्तुकार बाईंकडे पिंपांचा जुना कारखाना पाडून सांस्कृतिक केंद्र बांधायचं काम आलं होतं. त्या पाहायला गेल्या तेव्हा त्या पडक्या शेडमध्ये आसपासची कुटुंबं जमलेली, मुलं खेळत होती. त्यांनी शेड राखल्या. १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्रात वाचनालय आहे, कार्यशाळा आहेत आणि सर्वांसाठी मोठं भोजनगृहसुद्धा आहे. रे रोडने सायआर्ककडून इमारत घ्यावी आणि बो बार्दींकडून नीयत.

म्हणून माझी एक अट आहे. कॅन्टीनचं कॉलेज करा, पण चूल विझवू नका. शिपाई, कारकून, प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच रांगेत उभे राहतात अशी जागा शिक्षणसंस्थेत कॅन्टीनशिवाय दुसरी नसते. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये शाकाहारींसाठी वेगळी टेबलं राखण्यावरून वाद झाला, तेव्हा सामाईक टेबल किती नाजूक असतं हे आपण पाहिलं. एका दस्तरखानावर बसण्याला आपल्याकडे मोल आहे. तर या कॉलेजचा एक कोपरा परिसरातल्या कामगारांसाठी स्वस्त जेवणाचा राहावा आणि विद्यार्थ्यांनीही तिथेच जेवावं. फाटकावर ओळखपत्र तपासून हमालाला हाकलणारं कॉलेज या जागी नको.

अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. जहाजफोडणीच्या जमिनीत तेल, जड धातू, अ‍ॅस्बेस्टॉस मुरलेलं असतं. मातीची तपासणी आणि सफाई आधी, प्रवेश नंतर. जुन्या शेडमध्ये गर्दी बसवायची तर बाहेर पडायचे मार्ग, आग विझवण्याची सोय, छताची मजबुती यात तडजोड नको. जुन्या गिरणीच्या आवारात नवा धंदा थाटताना हे विसरलं की काय होतं, ते कमला मिलच्या आगीने २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री १४ जीव घेऊन दाखवलं. भाडेपट्टा दीर्घ मुदतीचा हवा, नाहीतर दुरुस्ती आपण करायची आणि दहा वर्षांनी जागा बिल्डरने न्यायची.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेळेची आहे. गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते आठवा. १९९१ च्या नियमानुसार जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने १९९६ मध्ये त्यावर आराखडाही दिला. २००१ मध्ये नियमात बदल झाला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. परळ-लालबागचा गिरणी कामगार चाळीच्या खिडकीतून मॉल बघत राहिला. बंदराच्या जमिनीबाबत बोलायची वेळ निविदा निघाल्यावर नाही, आत्ता आहे.

आपल्या ट्रस्टनाही दोन शब्द. वक्फच्या आणि जमातीच्या कितीतरी जुन्या इमारती या शहरात आहेत. मुसाफिरखाने, जमातखाने, गावच्या जमातीच्या खोल्या. त्यांचा पुनर्विकास म्हणजे मनोरा, हे समीकरण एकदा तपासून पाहा. अंजुमन-ए-इस्लामसारखी संस्था १८७४ पासून या शहरात तालीम देते आहे, पनवेलला तिचं आर्किटेक्चरचं शिक्षणही चालतं. अनुभव आहे, शिक्षक मिळू शकतात. बंदर प्राधिकरणाकडे एका गोदामाची मागणी करायला काय हरकत आहे? पहिल्या वर्षी चाळीस विद्यार्थी. त्यात काही जागा कारागिरांच्या मुलामुलींसाठी, धर्म न विचारता, फीसह राखीव. आणि पहिल्या सत्राचा पहिला प्रकल्प असा: जिथे बसलो आहोत त्या इमारतीची मोजमापं घ्या, तिचा नकाशा काढा आणि ती बांधणाऱ्यांनी कुठल्या खांबावर किती भार टाकला ते शोधून दाखवा.