‘बोली’चा शिक्का कोण मारतो? कोकणी आणि आफ्रिकान्स

१/ ‘कोकणी मराठीसारखी, म्हणून ती मराठीची बोली’ हा युक्तिवाद आजही हिरिरीने मांडला जातो. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास तो खोडून काढतो.

२/ आफ्रिकान्स सतराव्या शतकातील डचमधूनच उपजली. वसाहतवाले, गुलाम आणि खोइखोई यांच्या तोंडी ती घडली. प्रतिष्ठितांनी तिला ‘स्वयंपाकघरातली डच’ म्हणून हिणवले. १८७५ मध्ये पार्ल येथे तिच्यासाठी संस्था निघाली आणि १९२५ मध्ये ती राजभाषा झाली. डचशी असलेले साम्य आड आले नाही.

३/ कोकणीचा दावा तर याहून बळकट. ती मराठीची लेक नव्हे, बहीण आहे. तिचे व्याकरण १६४० मध्येच छापले गेले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तिच्यावर बंदीचा हुकूम काढला. तरीही साहित्य अकादमीची मान्यता १९७५ मध्ये आणि आठव्या अनुसूचीत स्थान १९९२ मध्ये! लेक भाषा ठरते, मग बहीण बोली कशी?

४/ शिक्का व्याकरण मारत नाही, सत्ता मारते. म्हणूनच गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने केवळ देवनागरीतील कोकणी स्वीकारली आणि रोमी लिपीतील कोकणी उंबऱ्याबाहेर ठेवली. हिणवले गेलेल्यांनी तरी तोच शिक्का पुन्हा उचलू नये.