अंगणातले तीन खड्डे

सकाळची शाळा आटोपून आम्ही घरी आलो, तर अम्मींचा मोगरा मुळासकट बाहेर पडलेला आणि शेजारी हातभर खोल खड्डा. एप्रिल महिन्यातला हा तिसरा. पहिला न्हाणीमागच्या ओल्या जागेत, दुसरा कोंबड्यांच्या खुराड्यामागे आणि आता हा. कोणी खोदला, हे विचारायची गरज नव्हती. शेरूच्या नाकावर लाल माती तशीच होती.

शेरू आमच्या कोकणातल्या घरची कोंबडी आणि मागचे आगर राखतो. तो घरात येत नाही. ओट्याबाहेर त्याची जागा, त्याचे भांडे वेगळे. शेती आणि जनावरांच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच.

त्या दिवशी आम्ही काठी घेतली. पण खड्डा सकाळचा आणि मार दुपारचा. कुत्र्याला या दोहोंची सांगड घालता येत नाही. आम्ही फाटकातून आत आलो की पळायचे, एवढेच तो शिकला. दुसऱ्या दिवशी मोगऱ्याची जागा पुन्हा उकरलेली होती.

शेजारचे चाचा म्हणाले, “सर, गोणपाटात घाला आणि खाडीपलीकडे सोडून या. कटकट संपली.” आम्हाला ते पटले. रविवारची रिक्षाही ठरली. ज्यांचा मोगरा गेला, त्या अम्मींनीच आम्हाला अडवले. म्हणाल्या, “वर्गातला पोरगा खोड्या करतो, म्हणून त्याला खाडीपलीकडे सोडतोस का? आधी बघ तरी, तो का खोदतो ते.”

बी.एड.ला आम्ही हेच शिकलो होतो की वागण्यामागे कारण असते, ते आधी शोधावे. वर्गात ते पाळतो, अंगणात विसरलो होतो. रिक्षा नको म्हणून सांगितले आणि रविवारी तिन्ही खड्डे नीट पाहिले.

न्हाणीमागचा खड्डा उन्हाचा होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकून तो अंग थंड करतो. त्यामुळे वरची तापलेली माती उकरून खालच्या गार मातीत पोट टेकतो. शेरूला सावली नव्हती आणि त्याचे भांडे दुपारपर्यंत कोरडे पडत होते.

मोगऱ्याचा खड्डा आमच्याच हातचा. कोलंबीची सालपटे आणि मासळीची घाण खत म्हणून आम्ही त्याच आळ्यात वरच्यावर पुरत होतो. मेजवानी आम्हीच मांडली आणि जेवायला आला म्हणून त्याला मारले.

खुराड्यामागच्या खड्ड्याने मात्र आम्हाला खरी शरम आणली. आत घुशीचे बीळ निघाले, थेट खुराड्याखाली गेलेले. दोन पिल्ले नाहीशी झाली होती, त्याचा आळ आम्ही मुंगसावर घेतला होता. ज्या कामासाठी शेरूला ठेवले, तेच तो करत होता आणि त्यासाठीच मार खात होता.

मग उपाय सोपे झाले. आंब्याखाली सावलीत तीन फूट लांबरुंद जागा वाळू टाकून त्याला दिली. तिथे खोदला तर कोणी रागवत नाही. सुरुवातीला वाळूत भाकरीचा तुकडा लपवला, की तो आपणहून तिकडे वळला. जड मातीचे भांडे दिवसातून दोनदा भरतो. मासळीचे खत आता खोल पुरतो आणि वर जांभ्याचे तुकडे ठेवतो. नव्या रोपांभोवती तारेची जाळी. घुशीसाठी पिंजरा लावला, बीळ दगड-सिमेंटने बुजवले. विष घातले नाही, कारण विषाने मेलेली घूस कुत्र्याने खाल्ली तर तोही मरू शकतो. संध्याकाळी मुले त्याला अर्धा तास फिरवून आणतात, कारण रिकामा कुत्राही खोदतो. खोदताना दिसलाच, तर त्याच क्षणी हाक मारून वाळूकडे नेतो.

बकरी ईदला अंगणात अवशेष पुरणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे. किमान तीन फूट खोल पुरून वर दगड ठेवावेत. शहरात असाल तर नगरपालिकेने ठरवलेल्या जागीच द्यावेत. कुत्र्यांनी ओढून आणलेल्या आतड्यांमुळे शेजाऱ्यांना त्रास होतो आणि दोष मात्र कुत्र्याला मिळतो. मिरचीपूड, फिनेल, उकळते पाणी असले उपाय करू नयेत. जनावर उपासमारीने तडफडेल अशा ठिकाणी त्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, ही हदीस आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो. आमच्याच दारातले भांडे मात्र कोरडे होते.

शेरू अजूनही कधी कधी चुकून आळे उकरतो. पण आता आम्ही फाटकातून आलो की तो पळत नाही. मोगरा अम्मींनी पुन्हा लावला आहे, जाळीच्या आत.