जंगम घराची गुंतवणूक आणि ऊसतोड्याची कोपी

आयुष्यभराच्या काटकसरीतून दोन-चार लाखांची शिल्लक साठवलेल्या बीड जिल्ह्यातील सामान्य गृहस्थापुढे आज मोठा पेच आहे. मल्टिस्टेट पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचा घाव अजून ताजा आहे, शहरालगतच्या भूखंडाची किंमत त्याच्या ऐपतीबाहेर गेली आहे, आणि गुंठेवारीच्या व्यवहारात कोणत्या कागदावर विसंबावे हे त्याला उमगत नाही. अशा वेळी महामार्गाच्या किंवा रेल्वेमार्गाच्या कामावरून सुटलेली एखादी जुनी पोर्टा केबिन स्वस्तात घ्यावी, रंगरंगोटी करून ती भाड्याने द्यावी आणि घरमालक होण्याचे समाधान अल्प भांडवलात मिळवावे, असा विचार त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. भाडेकरू कोण, या प्रश्नाचे उत्तरही जिल्ह्यात सहज सुचते: दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडी किंवा ट्रॅक्टर गाठून पाच-सहा महिन्यांसाठी गाव सोडणारा ऊसतोड कामगार. या विचारातील पहिल्या भागाविषयी मला सावधगिरीचा इशारा द्यावयाचा आहे. दुसऱ्या भागाला माझा स्पष्ट विरोध आहे.

घर या नावाने आपण जी किंमत मोजतो ती वस्तुतः जमिनीची किंमत असते. जमिनीत न रुजलेली, क्रेनने उचलून ट्रेलरवर चढवता येणारी खोली ही सामान्यतः जंगम मिळकत ठरते; तिला 1908 च्या नोंदणी कायद्याखालील खरेदीखत लागत नाही, तिचा व्यवहार 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे होतो, आणि सातबाऱ्यावर तिच्या मालकाचे नाव चढत नाही. कागदपत्रांचा त्रास कमी, असे नवख्याला वाटते. परंतु ज्या मिळकतीला दस्तऐवजाचा भक्कम आधार नाही तिच्यावर गृहकर्ज मिळणेही दुरापास्त, आणि जागेच्या मालकाने कबजा सोडावयास सांगितले तर तक्रारीला आधारही तोकडाच. जमीन सालोसाल महाग होते; पत्रा सालोसाल गंजतो.

अमेरिकेत या प्रकारच्या घरांचा फार मोठा बाजार आहे, आणि तेथील अनुभव आपल्याला उपयोगी पडावा. 15 जून 1976 पासून तेथे अशा घरांच्या बांधणीला केंद्रीय मानक लागू झाले. त्यापूर्वीच्या घराला कर्ज मिळवणे अतिशय कठीण जाते. परंतु खरी गोम वेगळीच आहे. पुष्कळ ठिकाणी घर रहिवाशाचे असते आणि त्याखालची जागा दुसऱ्याची. जागामालकाने भाडे वाढवले तर घर हलवण्याचा खर्च इतका मोठा पडतो की नावाने फिरते असलेले ते घर जागचे हलत नाही आणि रहिवासी वाढीव भाडे मुकाट्याने भरतो.

तरीही कोणाला अशी खोली घ्यावयाचीच असेल तर त्याने ती एप्रिलच्या भर दुपारी पाहावी, म्हणजे पत्र्याखालचा उकाडा आपोआप कळेल. तळाच्या लोखंडी चौकटीवर नवा रंग असेल तर तो खरवडून गंज किती खोल गेला आहे ते तपासावे, न्हाणीलगतची लिनोलियमची कड उचलून खालचा प्लाय बोटाने दाबावा, मूळ खरेदीचे बिल मागावे, आणि क्रेन व ट्रेलरचे भाडे किमतीत धरूनच इसार द्यावा. शेतजमिनीवर ती ठेवावयाची असल्यास बिनशेती परवानगीचा प्रश्न आधी तहसील कचेरीतून निकालात काढावा.

आता भाडेकरूविषयी. ऊसतोड्याची कोपी ज्यांनी आतून पाहिली नसेल त्यांनी एकदा कारखान्याच्या तळावर जाऊन ती अवश्य पाहावी. बांबू वाकवून जमिनीत रोवलेले, त्यावर चटई, तिच्यावर प्लास्टिकचा कागद. दार इतके ठेंगणे की प्रौढ माणसाला वाकूनच आत शिरावे लागते. बाहेर तीन दगडांची चूल, आत धान्याची गोणी, अंथरुणे आणि उन्हाळी कपड्यांचे गाठोडे. न्हाणी नाही, संडास नाही. पहाटेच्या अंधारात फडावर निघणारी आणि रात्री मोळ्या भरून परतणारी स्त्री याच निवाऱ्यात मासिक पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण काढते. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती तपासली, तेव्हा 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, खाड्याचा दंड आणि वैद्यकीय नफेखोरी ही त्यांतलीच. पण पाण्याविना, आडोशाविना काढलेले महिनेही त्या कारणांतून वगळता येत नाहीत.

सबब या माणसांना कोपीऐवजी दार लागणारी, वीज-पाण्याची खोली हवी याबद्दल दुमत असू नये. मात्र ती खासगी गुंतवणूकदाराच्या भाड्याची खोली होऊ नये, कारण हा भाडेकरू स्वतंत्र नाही. कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खोलीचे भाडे रोख दिले जाणार नाही, ते त्या उचलीच्या हिशेबात चढेल, आणि हंगामाच्या शेवटी फिटत आलेले कर्ज पुन्हा पुढच्या सालावर जाईल. ज्या बीडकराची शिल्लक या व्यवहारात गुंतेल त्याचे व्याज त्याच्याच शेजारगावच्या माणसाच्या घामातून निघेल, ही गोष्ट मला असह्य वाटते.

ऊसतोड कामगारांसाठी झालेल्या जानेवारी 2024 च्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, मुकादमाचे कमिशन 20 टक्क्यांवर गेले. त्या आकड्यांची चर्चा गावोगाव झाली. निवाऱ्याची चर्चा तशी होत नाही. वास्तविक ज्या कारखान्याचा ऊस हे हात तोडतात, ज्याच्या आवारात किंवा शिवारात तळ पडतो, त्याच्याकडे जागा आहे, पाणी आहे, वीज तर कित्येक कारखाने स्वतःच निर्माण करतात. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन 10 रुपये घेण्याची तजवीज झालेली आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचा त्यातील वाटा 50 लाख रुपये होतो. जुन्या, पण धडधाकट खोल्या घेणे, त्या दुरुस्त करणे आणि हंगाम संपल्यावर गोदामात सांभाळणे हे काम अशा निधीतून होऊ शकते, आणि त्यात कामगाराच्या उचलीला एका पैशाचाही स्पर्श होण्याचे कारण नाही.

साखर आयुक्तांनी येत्या हंगामाचा गाळप परवाना देताना तळावरील निवारा, पाणी आणि संडास यांची पाहणी ही अट घालावी. आणि बीडच्या लोकप्रतिनिधींनी, ज्यांना या कामगारांची मते दर निवडणुकीत लागतात, ती अट घातली जाईपर्यंत स्वस्थ बसू नये.