नागपंचमीचे व्रत आणि दंशानंतरची घटका

आज श्रावण शुद्ध पंचमी. पाटावर चंदनाने नाग रेखून, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून घरोघरी पूजा होईल. आज चिरू नये, कापू नये, भूमी खणू नये, असा कुलाचार आहे. या मंगल दिवशी सर्पदंशाचा विचार आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही; कारण साप आणि शेतकरी यांची गाठ पडते ती याच पावसाळी दिवसांत.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातले. हे प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखड्याद्वारे सोडला. आरोग्य केंद्रात औषध आणि ते देणारा डॉक्टर असणे, ही सरकारची जबाबदारी होय. परंतु रुग्ण तेथे पोचेपर्यंतची घटका घराच्या हाती असते. आणि तीच पुष्कळदा मांत्रिकाच्या दारी खर्ची पडते.

मांत्रिकास यश येते, त्याचे कारण उघड आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. विष खरोखर भिनले असेल, तर त्यावर प्रतिविषाची लस हाच उतारा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर ती एकच चालते. म्हणून सापास मारून वा पकडून नेण्याचेही कारण नाही.

दंश झालेल्यास धीर द्यावा. त्यास चालू देऊ नये. हात वा पाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा. आवळून दोरी बांधू नये. त्याने रक्तप्रवाह तुटून अवयव गमावण्याची पाळी येते. जखम चिरू नये, चोखू नये. आजच्या दिवसाचा ‘चिरू नये’ हा नेम दंशाच्या जागी बारमाही पाळावा! १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.

माताभगिनींना एक विनंती. दंशानंतर हात-पाय सुजतात आणि बांगड्या, जोडवी मांसात रुततात. सौभाग्यलेणे उतरविण्यास मन धजत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि त्या क्षणी बांगड्या वाढविणे यात अशुभ काही नाही. लेणे पुन्हा लेता येते.

मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास होतो. वेदना नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. अशा वेळी अपचन समजून स्वस्थ बसू नये. श्रावणात भुईवर निजण्याचा नेम असणाऱ्यांनी अंथरुणाच्या कडा नीट खोचून मच्छरदाणी लावावी.

नामस्मरण अवश्य करावे. मात्र ते रुग्णालयाच्या वाटेवर करावे. नागाला न मारता आणि माणसाला न गमावता ही पंचमी पार पडली, तर पूजा पावली असे आम्ही समजू.